उत्तर आलं, पण ते खरं आहे का?

टी. वाय. बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दोन-चार मुलंमुली अशी असतातच, ज्यांना लंबकाची आंदोलनं मोजून झाल्यावर तोच लंबक पायथनमध्ये हलवून बघावासा वाटतो. कोन वाढवला की आवर्तकाल किती वाढतो, हवेचा विरोध धरला तर आलेख कसा वाकतो, हे बघताना त्यांची रात्र कधी सरते ते कळत नाही. पदवी हाताशी आली की मात्र घरातून, नात्यागोत्यातून आणि त्यांच्या स्वतःच्या मनातूनही एकच प्रश्न यायला लागतो: आवड प्रोग्रॅमिंगची आहे, तर मग फिजिक्स कशाला? या प्रश्नाचं घाईनं उत्तर दिलं, तर तीन वर्षं वाया गेल्याची खंत घेऊन मूल पुढं जातं. नुसत्या उत्साहात दिलं, तर पोटापाण्याचा हिशेब चुकतो. आपल्याकडे शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचं म्हणणं आधी, आणि तेही त्याच्या पूर्ण बळानिशी, मांडायची रीत आहे. तीच इथं पाळली आहे. पूर्वपक्ष आहे नोकरीचा बाजार जवळून पाहणाऱ्या आणि मुलांचं खरोखर भलं चिंतणाऱ्या माणसाचा. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : मी फिजिक्सच्या विरोधात नाही, मुलांच्या बाजूनं बोलतो आहे. सॉफ्टवेअरमधल्या नोकरीच्या जाहिराती वाचा. बी.ई., बी.टेक., एम.सी.ए. एवढंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. त्यातूनही अर्ज पुढं सरकला, तर पहिली चाळणी लागते ऑनलाइन परीक्षेची. तिथं लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगतात, डेटाबेसची क्वेरी लिहायला सांगतात, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डेडलॉक कधी होतो ते विचारतात. हायड्रोजन अणूच्या ऊर्जापातळ्या कुणी विचारत नाही. फिजिक्सच्या मुलाला हे विषय कॉलेजात फारसे शिकवलेलेच नसतात, आणि शेजारी बसलेला संगणकशास्त्राचा मुलगा तीन वर्षं तेच करत आलेला असतो. मग सरळ मार्ग का धरू नये? बारावीला किंवा पदवीला गणित असलं की सीईटी देऊन एम.सी.ए.ला जाता येतं. दोन वर्षांत नवी सुरुवात होते. ज्या घरात लवकरात लवकर पगार यायलाच हवा, त्या घराला विज्ञानाची थोरवी सांगून काय उपयोग?

उत्तरपक्ष : तुम्ही सांगितलेली उणीव खरी आहे आणि एम.सी.ए.चा दरवाजा चांगला आहे, हे आधी मान्य करतो. ज्याला बँकेचं, दुकानाचं किंवा तिकीट-आरक्षणाचं सॉफ्टवेअर करण्यात गोडी आहे, त्यानं तिकडं बिनदिक्कत जावं. पण प्रोग्रॅमिंग हा एकच धंदा आहे, असं तुम्ही गृहीत धरता, तिथं माझी हरकत आहे. एका प्रकारच्या कामात प्रोग्रॅम बरोबर की चूक हे माणसं ठरवतात: ग्राहकानं मागितलं ते मिळालं, की काम झालं. दुसऱ्या प्रकारात ते निसर्ग ठरवतो. तिथं प्रोग्रॅम न अडखळता चालतो, सगळे आकडे देतो, पडद्यावर सुबक आलेख काढतो, आणि तरीही साफ चुकलेला असू शकतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाशी पोचता पोचता गमावलं गेलं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमनं आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले होते आणि पुढच्या प्रोग्रॅमनं ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. दोन्ही प्रोग्रॅम चालत होते, एकही बंद पडला नव्हता. आकड्यामागं एकक असतं, आणि एककाशिवायचा आकडा हे उत्तरच नव्हे, ही सवय आपल्याकडे एफ. वाय.च्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून लावली जाते. प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या प्रकारात भांडवल आहे ते या सवयीचं.

पूर्वपक्ष : एका अपघातावरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. शिवाय तो दाखला तुमच्यावरच उलटतो. ते यान उडवणारी माणसं काय फिजिक्स न शिकलेली होती? तिथं तर जगातले उत्तम वैज्ञानिक आणि अभियंते होते. आणि एककं तपासायची म्हणाल, तर ती कुठल्याही हुशार प्रोग्रॅमरला एका दुपारीत शिकवता येतील. त्यासाठी तीन वर्षं शास्त्र शिकायची काय गरज? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली ऑक्सफर्डला फिजिक्स शिकले होते, हे उदाहरणही लोक हमखास देतात. एखादा मोठा झाला म्हणजे त्याची पदवी सगळ्यांना तारते असं होत नाही.

उत्तरपक्ष : बर्नर्स-लींचं उदाहरण मीही देणार नाही. अपघाताबाबत तुमचं म्हणणं रास्त आहे, पण त्यातून निघतं ते वेगळंच. शास्त्र जाणणारी माणसं इमारतीत असून भागत नाही. प्रोग्रॅम ज्याच्या हातून उतरतो त्या हातात दोन्ही असायला हवं. आणि एककं ही या सवयीची सगळ्यात वरची पायरी आहे. खालच्या पायऱ्या दुपारभरात शिकवता येत नाहीत. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी मॅनिअ‍ॅक नावाच्या संगणकावर एक गणित चालवलं. स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची एक साखळी, आणि त्या स्प्रिंगा किंचित नियमाबाहेर वागणाऱ्या. प्रोग्रॅम लिहिला होता मेरी त्सिंगू यांनी. अपेक्षा अशी, की एका लयीत दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या लयींत सारखी वाटली जाईल. तसं झालं नाही. ऊर्जा थोडी पसरली आणि बऱ्याच वेळानं जवळजवळ सगळी पहिल्या लयीत परत आली. आता सांगा, ही प्रोग्रॅममधली चूक की निसर्गातलं काही नवं? ते ठरवायला एकूण ऊर्जा कायम राहते का ते पाहावं लागतं, वेळेचं पाऊल निम्मं करून तेच उत्तर येतं का ते पाहावं लागतं, स्प्रिंगांचा नियम बदलून पाहावा लागतो. ती चूक नव्हती. त्या आकड्यांतून पुढं सॉलिटॉनचा, म्हणजे आकार न बदलता पुढं सरकणाऱ्या लाटेचा, आणि अरेषीय भौतिकीचा मोठा अभ्यास उभा राहिला. त्सिंगू यांचं नाव अनेक दशकं मागंच राहिलं. अलीकडे ते त्या प्रश्नाच्या नावातच जोडलं जातं. आणि त्या स्वतः गणिताच्या पदवीधर होत्या. म्हणजे माझा आग्रह पदवीवरच्या नावासाठी नाही. आलेलं उत्तर संभवतं का, हे दर वेळी विचारण्याच्या सवयीसाठी आहे. फिजिक्सची तीन वर्षं ही ती सवय लावणारी सगळ्यांत चांगल्या शाळांपैकी एक आहे, आणि ती वर्षं त्या मुलानं आधीच घातलेली आहेत.

पूर्वपक्ष : हे सगळं अमेरिकेतलं आणि सत्तर वर्षांपूर्वीचं. जालन्याच्या किंवा साताऱ्याच्या मुलीनं आज उठून जायचं कुठं? निसर्ग ज्याची परीक्षा घेतो असं प्रोग्रॅमिंग आपल्याकडे होतं तरी का?

उत्तरपक्ष : होतं, आणि महाराष्ट्रात ते दाटीनं होतं. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. यातली एकेक तबकडी एकेकटी चित्र काढत नाही. प्रत्येक दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडले जातात. तिसांतून अशा ४३५ जोड्या होतात आणि त्या सगळ्यांचं गणित प्रत्यक्ष वेळेत, ग्राफिक्स प्रोसेसरवर चालतं. तिथं बसलेल्या माणसाला लहरींचं व्यतिकरण कळावं लागतं आणि प्रोसेसरची मेमरीही कळावी लागते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास एक प्रश्न हाती घेतला: गुरुत्वीय लहर गोंगाटात बुडालेली असेल, तर ती शोधायची कशी? सापेक्षतावादातून तिचा आकार आधी काढायचा, असे पुष्कळ साचे तयार करायचे आणि नोंदीवर एकेक साचा सरकवत कुठं जुळतो ते पाहायचं. साचे विरळ ठेवले तर लहर निसटते, दाट ठेवले तर संगणक पुरत नाही. ते किती दाट असावेत हा एकाच वेळी भौतिकीचा आणि संगणनाचा प्रश्न आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली गेली, तेव्हा तिची खात्री पटवण्यात याच साच्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहत आहे. केंद्रानं २०२३ मध्ये त्याला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

हवामानाचं घ्या. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली ६ किलोमीटर जाळीची भारत पूर्वानुमान प्रणाली २०२५ मध्ये कामाला लागली. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. जाळीचं अंतर निम्मं केलं की सपाटीवरचे बिंदू चौपट होतात, आणि वारा एका पावलात एकापेक्षा जास्त घर ओलांडू नये म्हणून वेळेचं पाऊलही सहसा निम्मं करावं लागतं. म्हणजे सर्वसाधारण हिशेबात काम आठपट. म्हणून तिथं २०२४ मध्ये अर्का हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आला. पण यंत्र मोठं झालं म्हणून पाऊस बरोबर सांगता येत नाही. ६ किलोमीटरच्या घरात न मावणारे ढग कसे धरायचे, हे कुणीतरी भौतिकी समजून प्रोग्रॅममध्ये उतरवावं लागतं. आणि तो अंदाज बरोबर आला की पेरणी साधते, चुकला की दुबार पेरणी. निसर्ग परीक्षा घेतो म्हणजे काय, हे सांगायला मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला भौतिकशास्त्राची गरज पडत नाही.

पूर्वपक्ष : काम मोलाचं आहे, मान्य. पण जागा किती? बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. लागते, वर पीएच.डी. लागते, आणि नेमणूक प्रकल्पापुरती असते. तुम्ही मुलांना आकाश दाखवता आणि शिडी किती पायऱ्यांची आहे ते सांगत नाही.

उत्तरपक्ष : पायऱ्याही सांगू, आणि वेळेच्या क्रमानं सांगू. नुसत्या बी.एस्सी.वर काय? सॉफ्टवेअर कंपन्या बी.एस्सी. पदवीधरांना घेतात, पण पगार बेताचा असतो आणि काम बरंचसं साच्यातलं. हवामान खात्याच्या वैज्ञानिक सहायकाच्या २०२२ मधल्या भरतीत भौतिकशास्त्र घेऊन झालेला बी.एस्सी. आणि संगणकशास्त्राचा पदवीधर दोघांनाही पात्र धरलं होतं. दोन विषयांना एकच दार असल्याचा हा चांगला नमुना आहे. गेट ही परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि २०२४ पासून त्यात डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची वेगळी प्रश्नपत्रिका आहे. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा आहे. एम.एस्सी. झाली की भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय आहे. पुणे विद्यापीठानं सुरू केलेल्या मॉडेलिंग आणि सिम्युलेशनच्या एम.टेक.सारखे अभ्यासक्रम आहेत. किरणोपचाराच्या रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट लागतो, त्यासाठी एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि इंटर्नशिप करावी लागते. तिथं किरणांचा डोस ठरवणारी गणितं अनेकदा मॉन्टे कार्लो पद्धतीनं, म्हणजे यादृच्छिक आकडे वारंवार काढून, चालतात. ती पद्धतही लॉस अलामॉसच्याच मातीतली, आणि तीच आज वित्तसंस्था जोखीम मोजायला वापरतात. एकदा हातात बसलेलं गणित असं कामं बदलत सोबत येतं. वित्तबाजारातल्या ब्लॅक-शोल्स समीकरणातले फिशर ब्लॅक पदवीला फिजिक्सच शिकले होते, आणि ते समीकरण थोडं वळवून घेतलं की उष्णतेच्या वहनाचं होतं. आज डेटाचं काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण ज्युपिटर नोटबुक उघडतो. त्याचं मूळ असलेलं आयपायथन २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ या फिजिक्सच्या पीएच.डी. विद्यार्थ्यानं स्वतःच्या गरजेतून लिहिलं. तेव्हा संस्थांच्या जागा थोड्या आहेत हे खरं असलं, तरी वाट तिथंच संपते हे खरं नाही. पण एक गोष्ट लपवणार नाही: या वाटेवर पहिला चांगला पगार एम.सी.ए.वाल्यापेक्षा बहुधा उशिरा येतो. ज्या घराला तो उशीर परवडत नाही, तिथं आधी नोकरी आणि मग पुढचं शिक्षण हा क्रमही सन्मानाचाच आहे.

पूर्वपक्ष : मग दोन प्रश्न उरतात. एक, आता यंत्रच कोड लिहायला लागलं आहे. मग तुमच्या प्रोग्रॅमिंग येणाऱ्या भौतिकीवाल्याला कोण विचारणार? आणि दोन, भौतिकीवाल्यांनी लिहिलेला कोड पाहिलात का? एक अक्षरी नावं, कुठली आवृत्ती खरी ते लिहिणाऱ्यालाही माहीत नाही, चाचणी नावाला नाही. लिहिणारा सोडून गेला की मागच्याला तो वाचतासुद्धा येत नाही.

उत्तरपक्ष : पहिल्याचं उत्तर आधी. ग्रहाची कक्षा काढणारा प्रोग्रॅम कुणालाही मागा, यंत्राला किंवा माणसाला. सगळ्यात सोपी रीत ऑयलरची: आताच्या वेगानं एक पाऊल पुढं, मग पुन्हा तेच. प्रोग्रॅम लगेच चालतो. पण दर पावलाला ऊर्जेत थोडी भर पडत जाते आणि ग्रह हळूहळू सूर्यापासून लांब लांब वळसे घ्यायला लागतो. भौतिकी न शिकलेल्याला तो आलेख देखणा वाटेल. शिकलेला म्हणेल, ऊर्जा वाढली कुठून? आणि मग तो व्हर्लेच्या पद्धतीकडे वळेल, जी ऊर्जा अशी सुटू देत नाही. यंत्र उद्या हेही आपणहून करेल, असं तुम्ही म्हणाल. करू दे. कोड लिहिणं जितकं स्वस्त होईल तितके जास्त प्रोग्रॅम लिहिले जातील, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या उत्तरावर विसंबायचं की नाही हे कुणाला तरी ठरवावं लागेल. रुग्णाला किती डोस द्यायचा, या कागदावर सही माणसाचीच लागते. सही करणाऱ्याला उत्तर पारखता यायला हवं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी बचाव करणार नाही. तो दोष खरा आहे आणि आपल्या शिकवण्यातला आहे. संगणकशास्त्र म्हणजे एखादी भाषा येणं, असं समजून ते वरवर शिकलं जातं. फूरिये रूपांतराचंच पाहा. दहा लाख बिंदूंवर ते सरळ मार्गानं करायचं तर सुमारे एक लाख कोटी पायऱ्या लागतात. जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या रीतीनं साधारण दोन कोटी. फरक पन्नास हजारपट. भौतिकी तीच, समीकरण तेच, बदलली ती फक्त करण्याची रीत, आणि त्या रीतीवाचून खोडदची तबकडीही आंधळी राहिली असती. म्हणून अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर्स नीट शिकायची, लिनक्स आणि गिट हाताखालचे व्हायला हवेत, पायथनबरोबर सी++सारखी एक भाषा खोलात यायला हवी, आणि प्रत्येक प्रोग्रॅमसोबत त्याची चाचणी लिहायची. हे शिकायला वर्ष-दीड वर्ष जाईल. ती किंमत मोजायची तयारी नसेल, तर तुमचा पूर्वपक्षच बरोबर ठरतो.

दोन्ही बाजू इथवर आल्यावर मतभेद पुष्कळ कमी झालेला दिसतो. फिजिक्सची पदवी हा प्रोग्रॅमिंगच्या नोकरीचा परवाना नाही, हे पूर्वपक्षाचं म्हणणं टिकतं. ती पदवी पुसून टाकायची पाटीही नाही, हे उत्तरपक्षाचं म्हणणं टिकतं. माझा निष्कर्ष एवढाच: प्रोग्रॅमिंगची आवड असलेल्या भौतिकीच्या विद्यार्थ्यानं आपलं काम शोधताना पदाचं नाव पाहू नये, तिथलं उत्तर कोण तपासतं ते पाहावं. जिथं ते मोजमाप तपासतं, मग ते आकाशाचं असो, पावसाचं असो, शरीरात शिरणाऱ्या किरणांचं असो, तिथं त्याची दोन्ही शिक्षणं एकत्र कामाला येतात. आणि याची सुरुवात नोकरीपर्यंत थांबवायची गरज नाही. टी. वाय.च्या प्रकल्पाला त्या लंबकाकडेच परत जावं. पुस्तकातलं सूत्र लहान कोनापुरतं खरं. ६० अंशांवर सोडला तर आवर्तकाल त्याहून सुमारे ७ टक्के जास्त यायला हवा, असं प्रोग्रॅम सांगेल. मग दोरा बांधावा, कोन मोजावा, घड्याळ हातात घ्यावं. वहीत दोन रकाने करावेत: एकात प्रोग्रॅमचं उत्तर, दुसऱ्यात लंबकाचं. दोघांत जो फरक उरेल त्याचं कारण शोधून खाली चार ओळींत लिहावं. त्या चार ओळी ज्याला लिहिता येतील, त्याला मुलाखतीत दाखवायला काही तरी स्वतःचं असेल.